लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. मोठी मुलगी गावी आजीकडे ठेवली आहे, ती आता फोनवर बोलतच नाही. काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. मुलगा पाच वर्षांचा, एएलएल म्हणजे लहान मुलांत दिसणारा रक्ताचा कॅन्सर निघाला, तुम्ही दोघं त्याला घेऊन तीन महिने मुंबईत परळला हॉस्पिटलात. मुलगी नऊ वर्षांची, लातूरकडे गावी सासूबाईंजवळ. आधी फोनवर रडायची, आता नुसतं "हं" आणि "ठेवू का?" सासूबाई म्हणतात पोरगी फार समजूतदार झालीय, कसला त्रास म्हणून नाही. तुम्ही विचारलंय, यात समाधान मानायचं की काळजी करायची.

काळजी करायची. घाबरून जाऊ नका, पण त्या "समजूतदार" शब्दावर विसंबूही नका.

मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात तासगावकडचा, गावच्या विकास सोसायटीत सचिव आहे, थोडी द्राक्षबाग आहे. 2014 च्या जुलैत आमच्या धाकट्याला हेच निघालं. तो तेव्हा चार वर्षांचा, मोठी चौथीत. आज तो दहावीत आहे आणि ती कॉलेजला. धाकट्याच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही तंतोतंत केलं. मोठीचं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि आम्ही चुकलो. त्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून लिहितोय.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. पंधरा दिवस ताप येत-जात होता, पायांवर निळे डाग दिसायला लागले म्हणून सांगलीला नेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट फारच कमी. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, मुंबई गाठा. तिथूनच अंगावरच्या कपड्यांनिशी रात्रीची महालक्ष्मी धरली. मोठी शाळेत होती. पाच वाजता घरी आली तर दाराला कुलूप. माझी आई परगावी बहिणीकडे गेली होती, तिला निरोप पोचून ती येईपर्यंत साडेसात वाजले. अडीच तास पोर दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसून होती. शेजारच्या काकू घरात बोलवत होत्या, पण ती उठली नाही. "पप्पा आले आणि मी दिसले नाही तर?" म्हणाली. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही काकूंकडून. तिनं स्वतः आजतागायत त्याचा शब्द काढलेला नाही.

दुसरी चूक मी विचार करून केली, म्हणून ती जास्त बोचते. कॅन्सर हा शब्द नऊ वर्षांच्या पोरीच्या कानावर पडू नये असं आम्हाला वाटलं. "बाळाच्या रक्तात जंतू झालेत, औषध द्यायला मुंबईला नेलंय," एवढंच सांगितलं. दिवाळीच्या आधी मी चार दिवस गावी आलो तेव्हा तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, कातडी पांढरी झालेली. आई म्हणाली, दिवसातनं पंधरा-वीस वेळा साबण लावते, सांगून ऐकत नाही. त्याच दुपारी गल्लीत गारीगारवाला आला. त्याची घंटा वाजली तशी ही आतल्या खोलीत पळाली आणि कानांवर हात ठेवून बसली. बराच वेळ जवळ घेऊन बसलो तेव्हा बोलली. जत्रेत दोघांनी एकच गारीगार खाल्लं होतं. तिला सर्दी होती. आधी तिनं चोखलं, मग त्याला दिलं. चार महिने ही पोर मनात धरून बसली होती की भावाच्या रक्तात जंतू आपणच घातले.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीला नेमकं काय सांगितलंय ते आधी आठवून बघा. काहीच सांगितलं नसेल तर तिनं स्वतःच काहीतरी जुळवलं असणार. या वयाची मुलं कारण शोधतात आणि ते बहुतेक वेळा स्वतःतच शोधतात: मी त्याला ढकललं होतं, "मर जा" म्हटलं होतं, त्याचं खेळणं लपवलं होतं. तिनं विचारायची वाट बघू नका. तुम्हीच होऊन सांगा की हा आजार कुणाच्या सर्दीनं, कुणाच्या मारण्यानं, कुणाच्या बोलण्यानं होत नाही. तो लागट नाही. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि घरचे काय बोलतात याची चौकशी करा. हे लिहिताना अजून माझा संताप होतो. पाठीवर भाऊ झाला म्हणून माझी पोर चार वर्षं "पायगुणाची" होती. तो आजारी पडला आणि आमच्याच भावकीतल्या एका बाईंनी, पोर समोर बसलेली असताना, "हिची पत्रिका भावाला भारी आहे, कुठंतरी दाखवा" असं म्हटलं. आई गप्प बसली, मी मुंबईला. कळल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की पुन्हा हे बोललात तर आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका. जाताना मोठीला हाताला धरून बरोबर नेलं होतं. बाप आपल्या बाजूनं भांडतो हे तिनं डोळ्यांनी बघायला हवं होतं. तुम्ही मुंबईत आहात, तुम्हाला हे जमणार नाही. पण तुमच्या माहेरचा भाऊ, एखादी धीट नणंद, कुणीतरी असेल. त्यांना हे काम सांगा.

आता "समजूतदार". माझ्या मोठीला सगळं गाव समजूतदार म्हणायचं. स्वतःची वेणी स्वतः घालते, डबा स्वतः भरते, हट्ट करत नाही. मीही फोनवर कौतुक करायचो, "शहाणं माझं लेकरू." त्या पावसाळ्यात तिचा कान दुखत होता. किती दिवस, माहीत नाही. वर्गात बाईंना तिच्या कानातून पू आलेला दिसला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "पैसे बाळाला लागतात." त्या दवाखान्यात मी मान खाली घालून उभा होतो. परवा परवा, सतरा वर्षांची असताना, ती मला म्हणाली, "पप्पा, सगळे मला समजूतदार म्हणायचे, मग मला रडायची सोयच राहिली नाही." सासूबाईंना सांगा, तो शब्द काही दिवस बाजूला ठेवा. तिनं भांडी आपटली, रडली, "मला पण मुंबईला न्या" म्हणून लोळण घेतली तर रागावू नका, जवळ घ्या. आणि दर महिन्याला तिचं पोट, दात, कान विचारा. तिनं सांगायची वाट न बघता विचारा.

खरं कसं सांगायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. आम्हाला वाट दाखवली ती हॉस्पिटलातल्या समाजसेविका ताईंनी. धाकट्याच्या अर्जावर सही घेताना त्यांनी सहज विचारलं, "मोठ्या मुलीला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, ती लहान आहे. त्या म्हणाल्या, ती लहान आहे म्हणूनच सांगायला पाहिजे. मग शेतकऱ्याच्या भाषेत मी तयारी केली. तिला म्हटलं, बाळाच्या रक्तात नको असलेल्या पेशी तणासारख्या माजल्यात. आजाराचं नाव रक्ताचा कॅन्सर. आपण रानात तणनाशक मारतो तसं औषध देतात, आणि पिकालाही त्याचा थोडा चटका बसतो, म्हणून बाळाचे केस गेलेत. केस परत येतील. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तण वाऱ्यानं शेजारच्या रानात जातंय की. मग माझ्या रानात पण येणार?" माझी सगळी तयारी तिथंच संपली. उपमा सोडली आणि सरळ सांगितलं, नाही, हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. मग आला तो खरा प्रश्न. "बाळ मरणार आहे का?" मी समाजसेविका ताईंचं वाक्य जसंच्या तसं वापरलं: "या आजारात खूप मुलं बरी होतात. आपलं बाळ बरं व्हावं म्हणून डॉक्टर सगळं करतायत. काही बदललं तर मी तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही." नक्की बरा होईल असं वचन मी दिलं नाही. लपवणार नाही, हे वचन दिलं आणि पाळलं. त्या रात्री ती खूप रडली. हात धुणं लगेच थांबलं नाही, पण महिन्याभरात बोटं भरून आली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला मुंबईला आणलं. वॉर्डात लहान भावंडांना सहसा सोडत नाहीत, संसर्गाची भीती असते. आमचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, आणि मोठीला डोंबिवलीला माझ्या मावसभावाकडे ठेवलं, दिवसा ती आमच्याकडे यायची. आणण्याआधी धाकट्याचे फोटो दाखवले. स्टेरॉइडनं सुजलेला चेहरा, टक्कल, छातीपाशी बसवलेली नळी. हे न दाखवता एकदम समोर उभं केलं असतं तर ती हादरली असती. तरी पहिले दहा मिनिटं ती दारातच उभी राहिली. धाकट्यानं तिला बघून "ताई, माझं डोकं बघ" म्हणून तिचा हात डोक्यावर ठेवून घेतला, तेव्हा हसली. तुम्हाला एका शनिवार-रविवारपुरतं जरी तिला आणता आलं तरी आणा. जायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा, मुलाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, बरे असतील ते दिवस ठरवा. आणि त्या दोन दिवसांत अर्धा दिवस तुमचा आणि तिचा एकटीचा ठेवा, मुलाला वडिलांजवळ सोडून. माझी बायको तिला घेऊन शिवाजी पार्कच्या पुढं चौपाटीवर गेली होती. तिला त्या आठवड्यातलं हॉस्पिटल आठवत नाही, चौपाटीवर आईच्या मांडीवर झोपलेली आठवते.

तुमची अजून बरीच वाट चालायची आहे, म्हणून पुढचंही सांगून ठेवतो. एएलएलचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिले काही महिने कडक, मग घरी येऊन गोळ्यांवरचा काळ. घरी आलात की सगळं सुरळीत होईल असं वाटतं, पण खरी भांडणं तेव्हा सुरू होतात. भेटायला येणारा प्रत्येक जण धाकट्यासाठी गाडी, चॉकलेट घेऊन यायचा. रिमोट त्याच्या हातात, पहिला घास त्याला. स्टेरॉइडच्या दिवसांत तो चिडायचा, चावायचा, आणि आम्ही मोठीलाच म्हणायचो, "तू मोठी आहेस ना." एके दिवशी तिनं त्याला थोबाडीत मारली. मी हात उगारला आणि तिच्या डोळ्यांत बघून खाली घेतला. त्यानंतर घरात ठरवलं: चावणं कुणालाच माफ नाही. औषधामुळं राग येतो हे तिला सांगितलं, आणि राग आला तर उशी चाव हे त्याला सांगितलं. पाहुण्यांना फोनवरच सांगायला लागलो की काही आणणार असाल तर दोघांना आणा, नाहीतर नको. आणि दारात आल्यावर आधी मोठीला विचारा, तू कशी आहेस? "भाऊ कसा आहे" हे तिला शाळेत, दुकानात, देवळात सगळे विचारतच असतात.

कांजिण्यांचं मात्र आजच करून ठेवा. मुलाचे काउंट पडलेले असताना कांजिण्या, गोवर हे आजार धोक्याचे असतात आणि ते घरात येतात भावंडांच्या शाळेतून. मुलीच्या लसी कोणत्या झाल्यात, कोणत्या राहिल्यात, हे कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवा. आमच्या मोठीच्या बाकावरच्या मुलीला कांजिण्या निघाल्या. हिची लस झालेली नव्हती. हॉस्पिटलला लगेच फोन केला. त्यांनी धाकट्याला औषध सुरू केलं आणि मोठीला एकवीस दिवस वेगळं ठेवायला सांगितलं. मी तिला काही बोलायच्या आत ती दोन फ्रॉक आणि दप्तर पिशवीत भरून दाराशी येऊन उभी राहिली. "मामाकडं जाऊ?" आपण घराबाहेर जायचं असतं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्या वेळी मी मामाकडे तिच्याबरोबर गेलो आणि पहिले चार दिवस तिथंच राहिलो, सोसायटीत रजा टाकून. तारीख सांगितली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांनी मिळून एकविसाव्या दिवसावर गोल केला. परत येण्याची तारीख मुलांना लागतेच. तुम्हीही "लवकर येऊ" म्हणू नका. येण्याची तारीख नक्की नसेल तर पुढच्या फोनची तारीख द्या.

शाळेत वर्गशिक्षिकेला एकदा सविस्तर सांगा. वर्गात सगळ्यांसमोर "हिच्या भावासाठी प्रार्थना करू" असले प्रकार नकोत, एवढंही सांगा. अंथरूण ओलं होणं, रोज सकाळी पोटात दुखणं, झोपेत दचकणं, अभ्यास सुटणं हे थोडेफार दिवस चालतं. महिना होऊन गेला तरी कमी होत नसेल, जेवण तुटलं, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही तोंडून आलं, तर थांबू नका. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून सुरू झालाय, फोन फुकट लागतो, दिवसरात्र आणि मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी नव्हता. शिवाय तुम्ही ज्या हॉस्पिटलात आहात तिथल्या समाजसेविकेला किंवा समुपदेशकाला मुलीबद्दल सांगा. त्यांचं काम फक्त आजारी मुलापुरतं आहे असं समजू नका. अमेरिकेत 2015 साली कॅन्सरग्रस्त मुलं आणि त्यांच्या घरच्यांच्या मानसिक काळजीसाठी 15 निकष ठरवले, त्यातला एक भावंडांसाठीच आहे. तुम्ही काही जादा मागताय असं नाही.

पुढंमागं बोनमॅरोची, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज मुलाला देण्याची गोष्ट निघाली तर एक लक्षात ठेवा. एएलएलमध्ये बहुतेक मुलांना त्याची गरज पडत नाही, आमच्याला पडली नाही. पण भावंडाची तपासणी करायची ठरली तर रक्त घेण्याआधीच सांगा की सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. धर्मशाळेत आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. त्यांच्या मोठ्या मुलाचं जुळलं नाही तर तो बारा वर्षांचा मुलगा जिन्यात बसून "मी नापास झालो" म्हणून रडत होता.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करून शेवटी लिहितोय. तुमच्या मुलाला ती लागू होऊ नये हीच इच्छा. त्याच धर्मशाळेतल्या दुसऱ्या एका घरातलं मूल गेलं. त्याच्या गावच्या बहिणीला तेरावा होईपर्यंत "तो मुंबईलाच आहे" असं सांगत राहिले. त्या पोरीनं पुढं आईवडिलांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही, असं तिची आईच आम्हाला रडत सांगत होती. वाईट वळण आलं तर भावंडाला आधी सांगायचं, भेटवायचं, "झोपला" वगैरे न म्हणता.

आता फोन. तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. आमचीही बोलायची बंद झाली होती. तिच्या आईचा फोन आला की पाठ फिरवून बसायची. कारण रोजच्या फोनमध्ये होतं काय? जेवलीस का, अभ्यास केलास का, आजीला त्रास देऊ नको, बाळाशी बोल. पाच मिनिटांत नर्स हाक मारायची आणि फोन कट. मग आम्ही बुधवार आणि रविवार, रात्री आठ, अशी वेळ बांधली. त्या वेळी मी किंवा धर्मशाळेतलं कुणीतरी धाकट्याजवळ बसायचं आणि बायको फोन घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जायची. पहिली दहा मिनिटं धाकट्याचा विषय काढायचा नाही, परीक्षेचा नाही, जेवणाचा नाही. मुलीनं विचारलं तरच.

पहिल्या बुधवारी मोठी काही बोललीच नाही. बायको म्हणाली, "नको बोलू. फोन जवळ ठेव, तू तुझा अभ्यास कर. मी इथं कपड्यांच्या घड्या घालते." आणि खरंच घड्या घालत बसली, फोन खांद्यावर धरून. तिकडून पेन्सिलीची खरखर, आजीचा खोकला, मधेच कुत्र्याचं भुंकणं. वीस मिनिटं दोघी गप्प. मला पैसे जातायत असं वाटत होतं, पण मी काही बोललो नाही. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी तिकडून आवाज आला, "आई, तिथं पण पाऊस आहे?"